मूठ वळल्यावर दिसणारा खळगा

उजव्या हाताची मूठ वळली की करंगळीशेजारच्या बोटाच्या मुळाशी, जिथे इतरांच्या हाडाचा उंचवटा दिसतो, तिथे माझ्या हातावर खळगा पडतो. तळहातातले तेवढे एक हाड आखूड राहिले आहे. बांगड्या भरताना कासारीण ते दर वेळी बोलून दाखवी आणि आई विषय बदली. त्या खळग्याचा माझ्या उंचीशी, बारमाही वाहणाऱ्या कानाशी आणि भूमितीतल्या गुणांशी काही संबंध असेल, हे मी सतरा वर्षांची होईपर्यंत कोणाच्याही मनात आले नाही.

लक्षणे काही लपून बसलेली नव्हती. अडचण अशी होती की प्रत्येकाचे कारण आमच्या घरात आधीपासून तयार होते. जन्मले तेव्हा माझी पावले वरून फुगलेली होती, तर आजी म्हणाली, बाळसे धरूनच आली. मान आखूड आणि रुंद, केसांची रेषा पाठीकडे फार खाली उतरलेली. म्हणून आईने मला कधी दोन वर बांधलेल्या वेण्या घातल्या नाहीत, मान झाकणारी एकच सैल वेणी घातली. शाळेत प्रार्थनेला उंचीप्रमाणे उभे करत आणि पहिलीपासून दहावीपर्यंत रांगेतली पहिली जागा माझी ठरलेली होती, त्यावर आजीचे उत्तर होते, "आमची आई बी एवढीच व्हती." भूमितीतली आकृती मनातल्या मनात फिरवता येत नसे, तर मास्तरांच्या मते माझे लक्ष नव्हते. माझ्याहून दोन वर्षांनी लहान असलेल्या चुलत बहिणीला पदर आला, तिची ओटी भरली, आणि मला सोळावे सरले तरी काही नाही, तेव्हाही एकेकीला उशीर होतो, असेच सर्व जणी म्हणाल्या.

अखेर कोल्हापुरातल्या एका डॉक्टरीणबाईंनी मला हात सरळ लांबवायला सांगितले. माझे हात कोपरापासून बाहेर वळतात; भरलेली घागर नेताना ती मांडीला लागत नाही, एवढाच त्याचा फायदा. मग त्यांनी मूठ वळायला लावली, पायाची नखे पाहिली आणि रक्त पुण्याला पाठवले. पांढऱ्या पेशी तीनेक दिवस वाढवून, त्या विभागत असतानाच थांबवून गुणसूत्रे मोजतात, आणि त्यांना विभागायला लावणारे द्रव्य राजम्यापासून काढलेले असते, हे मी फार नंतर वाचले. वाचल्यावर त्या भयंकर चाचणीचे ओझे थोडे हलके झाले, हे मान्य करते.

अहवालात ४५,एक्स असे लिहिले होते. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रे असतात आणि स्त्रीमध्ये त्यांपैकी दोन एक्स असतात. माझ्याकडे एकच आहे. या स्थितीला टर्नर सिंड्रोम म्हणतात, कारण हेन्री टर्नर या अमेरिकन डॉक्टरांनी १९३८ मध्ये अशा सात जणींचे वर्णन केले. तेव्हा कारण कोणालाच ठाऊक नव्हते. एक एक्स कमी असल्याचे १९५९ मध्ये कळले. साधारण २००० ते २५०० मुलींच्या जन्मामागे एक, असे हे प्रमाण आहे.

वडिलांनी एकच प्रश्न विचारला, "म्हणजे ती मुलगीच आहे ना?" बाई म्हणाल्या, "मुलगीच आहे. गर्भाशय आहे, फक्त बीजकोशांतली बीजे लहानपणीच संपली आहेत." आईचा प्रश्न निराळा होता. मी पोटात असताना ग्रहणाच्या वेळी तिने विळी हातात घेतली होती आणि सतरा वर्षे ती हे मनात धरून होती. बीज तयार होताना किंवा गर्भ धरल्यावरच्या पहिल्या विभाजनांत एक गुणसूत्र योगायोगाने गळते, त्याला ग्रहण लागत नाही की कोणाची चूक लागत नाही, आणि असे बहुतेक गर्भ पहिल्या काही महिन्यांतच पडतात, तुमची मुलगी टिकली, हे बाईंनी तिला दोनदा समजावले. आईने मान हलवली. तिला ते पटले की नाही, हे आजही मला सांगता येणार नाही.

उंचीचे आणि त्या खळग्याचे कारण मात्र एकच निघाले. एक्सच्या टोकाशी शॉक्स नावाचे जनुक असते, हाडांच्या नीट वाढीसाठी त्याच्या दोन प्रती लागतात आणि माझ्याकडे एकच आहे. मनगटाचे हाड अजून पुरते भरले नव्हते, म्हणजे वाढ अजून थांबली नव्हती, तेव्हा वाढीच्या संप्रेरकाची इंजेक्शने रोज रात्री घेतली असती तर थोडी उंची वाढली असती. पण वर्षाचा खर्च आमच्या दीड एकरातल्या उसाच्या बिलाहून जास्त होता, आणि ही इंजेक्शने खरी लागू पडतात ती लहान वयात सुरू केली तर. वडिलांनी हिशेब मांडला आणि वही मिटली. मी चार फूट सहा इंचांवर थांबले. त्यांच्यावर माझा राग नाही. राग आहे तो त्या आधीच्या दहा वर्षांवर.

इस्ट्रोजेन हे बीजकोशांतून मिळणारे स्त्रीचे संप्रेरक मात्र गोळ्यांतून स्वस्तात मिळत होते. आधी अगदी कमी मात्रा, मग दोन वर्षे वाढवत नेली, पुढे जोडीला प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक. एकोणिसाव्या वर्षी पाळी आली, तेव्हा आईने कोणालाही कारण न सांगता पुरण शिजवले. या गोळ्या पाळीसाठी आहेत असे नातेवाइकांना वाटते. त्या हाडांसाठीही आहेत. शिवाय माझ्या हृदयाच्या महाधमनीच्या झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या आहेत, त्यामुळे रक्तदाब सांभाळायचा आणि ठरावीक काळाने तपासणी करून धमनी रुंदावत नाही ना, हे पाहायचे. लग्नाच्या बाबतीत एवढेच, की एका स्थळाला सर्व खरे सांगितले आणि आठ दिवसांनी मध्यस्थाकडून पत्रिका जुळत नसल्याचा निरोप आला. तीच पत्रिका आधी जुळली होती.

आता मी एका शाळेत मराठी शिकवते. फळ्याचा वरचा तिसरा भाग माझ्यासाठी नाहीच. तो नववीची मुले पुसतात. शब्दांत मी कधी अडखळले नाही, अडखळते ती रस्त्यांत. पापाच्या तिकटीवरून गंगावेशीला मी नकाशाने जात नाही, दुकानांच्या पाट्या क्रमाने पाठ करून जाते, आणि एखादे दुकान बदलले की चुकते.

गेल्या वर्षी प्रार्थनेच्या रांगेत पहिली उभी राहणाऱ्या एका मुलीच्या आईला मी बोलावून घेतले आणि आधी उंचीचा तक्ता, मग गरज पडल्यास गुणसूत्रांची चाचणी करून घ्या, असे सांगितले. "आमच्यात सगळेच बुटके," ती म्हणाली. मी हट्टच धरला. अहवाल ४६,एक्सएक्स आला. मुलगी नुसतीच बुटकी निघाली. चाचणीच्या पैशांवरून त्या बाई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.