तणावर मीठ टाकू नका

फरशीच्या फटीतलं गवत जात नाही म्हटलं की कुणीतरी हमखास सांगतं, "मूठभर मीठ टाक." गवत मरतं, हे खरं. पण मीठ कुजत नाही, उडून जात नाही, जिवाणूही ते संपवत नाहीत. पाण्याबरोबर ते नुसती जागा बदलतं. आज फटीत, पुढच्या पावसात शेजारच्या वाफ्यात.

मुळातला रस मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असतो, म्हणून मूळ पाणी ओढतं. बाहेर मीठ वाढलं की ही ओढ कमी पडते आणि माती ओली असूनही रोप मान टाकतं. चहाचा एक सपाट चमचा मीठ, साधारण 6 ग्रॅम, एक लिटर पाण्यात विरघळवलं तर त्याची विद्युत वाहकता, म्हणजे पाण्यात किती क्षार आहेत याचं माप, 10 डेसिसायमन प्रति मीटरच्या आसपास जाते. मातीच्या अर्काची, म्हणजे माती पाण्यात कालवून गाळून घेतलेल्या पाण्याची, वाहकता 4 च्या वर गेली की ती जमीन क्षारयुक्त धरतात. घेवड्याचं उत्पन्न तर 1 च्या पुढेच घटायला लागतं.

आधी जुन्या पानांची टोकं करपतात, मग कडा तपकिरी आणि कुरकुरीत होतात. पाणी कमी पडलं असं समजून लोक तांब्याभर पाणी घालतात. त्यानं ओल वाढते, मीठ मात्र तिथेच राहतं.

चिकणमातीचं नुकसान मला सगळ्यात गंभीर वाटतं. सोडियम कॅल्शियमला हुसकावून लावतं, मातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात आणि वर कडक पापुद्रा धरतो. मग मीठ धुवून काढायलाही वाट उरत नाही. म्हणून अशा वाफ्यात आधी जिप्सम, म्हणजे कॅल्शियम असलेलं खनिज, मिसळायचं, पाणी नंतर सोडायचं. निचरा चांगला असेल तर 15 सेंटिमीटर पाणी झिरपल्यावर वरच्या फूटभर थरातलं मीठ साधारण निम्म्यावर येतं, 30 सेंटिमीटर झिरपल्यावर पाचव्या हिश्श्यावर. निचरा नसेल तर खाली गेलेलं मीठ ऊन तापलं की पुन्हा वर येतं.

कुंडी वाचवणं सोपं आहे. वरचा पांढरा थर खरवडून टाका, तळाचं भोक मोकळं करा, खालची बशी काढून घ्या. 5 लिटर माती असेल तर 20 लिटर गोडं पाणी चार हप्त्यांत सावकाश ओता आणि दर वेळी पूर्ण निथळू द्या. बशी तशीच ठेवली तर तेच खारं पाणी माती परत शोषते. नवी पालवी फुटेपर्यंत खत नको.

गांडूळ ओल्या कातडीतून श्वास घेतं. मीठ लागलं की अंगातलं पाणी बाहेर खेचलं जातं आणि ते तडफडून मरतं. बेडकाची कातडीही अशीच नाजूक. कुत्र्याच्या पोटात वजनाच्या दर किलोमागे 2 ते 3 ग्रॅम मीठ गेलं तर विषबाधेची लक्षणं दिसू लागतात, 4 ग्रॅमला जीव जाऊ शकतो. त्यानं काही भलतंसलतं खाल्लं म्हणून उलटी करवायला मिठाचं पाणी कधीही पाजू नका, थेट पशुवैद्याला गाठा.

फटीतल्या गवताच्या बुडाशी उकळतं पाणी ओता. आठवड्यानं फुटवा आला तर पुन्हा ओता, किंवा जमीन ओली असताना खुरप्याच्या टोकानं मुळासकट उपटा.