सोळावी भाजी

सोमवार, १ सप्टेंबर २०२५. रात्री पावणेबारा.

काल अनुराधावर आल्या, आज ज्येष्ठावर जेवल्या, उद्या मूळ नक्षत्रावर निघतील. गौरींचं वेळापत्रक कसं आखीव असतं! मी मात्र आत्ता ओट्याला टेकून आमटी-भात खाल्ला.

आज रडले. कारण लिहायलाही लाज वाटते. पडवळ नव्हतं.

भाज्या मोजल्या तर पंधराच. शनिवारी यादी ह्याच्याकडे दिली होती. पडवळ मिळेना म्हणून ह्याने फोन केला, तेव्हा मी ऑफिसच्या मीटिंगमध्ये. "तू उचलला नाहीस, मग काय करणार?" झालं. पुरणाने बरबटलेले हात, डोळे पुसायला गेले ते कोपराने, तर भुवईला पुरण.

हा कामाला नाही म्हणत नाही हो. "काय करू ते सांग," म्हणतो. पण ते सांगणंच तर काम आहे! मुखवटे कुठल्या पेटीत, वाण किती जणींचं, कुणाला डाळ चालत नाही, सगळं माझ्या डोक्यात. सरकारच्या २०२४ च्या पाहणीत आपल्याच घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची रोजची २८९ मिनिटं निघाली, पुरुषांची ८८. पेपरात वाचलं तेव्हा वाटलं, लक्षात ठेवायची मिनिटं कुणी मोजली असतील का?

आई आत आल्या. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. तर म्हणाल्या, "अगं, कोथिंबीर धर सोळावी. गौरी काय मोजायला बसल्यात?" मग दार लोटून हळूच, "मी मोरीत जाऊन रडायचे. बादलीखाली नळ सोडून. बाहेर वाटायचं, भांडी घासतेय." आणि हसल्या. मला काही हसू आलं नाही. किती वर्षं तो नळ वाहिला असेल!

कोथिंबिरीची वडी वाढली. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

मघाशी ह्याने विचारलं, "उद्या विसर्जन किती वाजता? काय काय लागेल?" तोंडावर उत्तर आलं होतं. गिळलं. म्हटलं, "कालनिर्णय बघ, यादी तू कर."

पाच मिनिटं झाली, चष्मा लावून भिंतीपुढे उभा आहे. ऑगस्टचं पान अजून उलटलेलं नाही. मी काही सांगणार नाहीये.