मांजर पाळत नाही, तरी मांजरांची फिल्म का दाखवते?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, एरवी मी हसून विषय बदलते. प्रश्न ठरलेला असतो. ‘काकू, तुमच्या घरात मांजर नाही, कधी पाळलं नाहीत, मग आल्यागेल्याला ती मांजरांची तुर्की फिल्म का दाखवत बसता?’ विचारणाऱ्यांत माझी सख्खी नणंदही आहे. ती फिल्म अर्ध्यात सोडून उठली आणि स्वयंपाकघरात चिवडा परतायला लागली.

फिल्मचं नाव ‘केदी’. २०१६ सालची, ऐंशीएक मिनिटांची, इस्तंबूलच्या रस्त्यांवरच्या मांजरांबद्दलची. दिग्दर्शिका जेयदा तोरुन, जन्मानं तिथलीच, लहानपणी शहर सुटलं. कॅमेरा चार्ली वुपरमानचा. मागून खर्जातल्या आवाजात माहिती सांगणारं कोणी नाही, खुर्चीत बसलेले तज्ज्ञ नाहीत. सात मांजरं आणि त्यांच्या अवतीभवतीची माणसं, बस्स. कॅमेरा बहुतेक वेळ जमिनीलगत पळतो. त्यासाठी रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या गाडीवर तो बसवला होता म्हणे, त्यामुळे बाजारातली माणसं आधी फक्त पोटऱ्या आणि चपला म्हणून दिसतात.

एक गोष्ट मला दुसऱ्यांदा पाहताना जाणवली. मांजरांना नावं आहेत, सारी, दुमान, बेंगू, देनिझ वगैरे. माणसांची नावं पडद्यावर येतच नाहीत. कोणी पाववाला, कोणी कोळी, कोणी चित्रकार बाई. पोट भरणारे अनामिक आणि खाणारा नामांकित! आपल्याकडे दोन पंखे दान दिले तरी पात्यांवर आजोबांचं नाव रंगवतात.

दुमान हा माझा लाडका. राखाडी, गुबगुबीत बोका, एका भारीतल्या रेस्टॉरंटबाहेर मुक्काम. भूक लागली की मागच्या पायांवर उभा राहून काचेवर पुढचे पंजे भराभरा आपटतो. दार उघडं असलं तरी आत पाऊल टाकत नाही, टेबलापाशी लुडबुड नाही. आतून कोणीतरी त्याच्या आवडीचं आणून देतं. एवढी अदब मला लग्नाच्या बुफेत अजून दिसायची आहे.

आणि तो कोळी. त्याची होडी गेली होती, हाताशी पैसा नव्हता, तेव्हा एका मांजरानं बोलावल्यासारखं केलं आणि तिथेच त्याला पैशांचं पाकीट सापडलं, असं तो सांगतो. खरंखोटं देव जाणे. पण सांगताना तो बाटलीनं पिल्लांना दूध पाजत असतो, त्यामुळे वाद घालावासा वाटत नाही.

आता इंदूरचं सांगते, कारण खरं उत्तर तिथे आहे.

आमचं घर रामबागेच्या बाजूला, जुन्या वस्तीत. गल्लीत एक तिरंगी मांजरी आहे. चक्कीवाले भिया तिला ‘रानी’ म्हणतात, उंदरांचा बंदोबस्त तिच्याकडे म्हणून. समोरच्या आजींची ती ‘ठमी’. वरच्या मजल्यावर भाड्यानं राहणारी कोचिंगची पोरं तिला ‘मॅडम’ म्हणतात. मी नुसतं ‘ए बाई’. ती चारही हाकांना ओ देते, म्हणजे कान हलवते. सकाळी चक्कीतून निघते तेव्हा मिशांवर पीठ असतं. आजींच्या पायरीवर बसून पुढचा पंजा चाटून तोंडावरून तीनचार वेळा फिरवते, नाकापासचं पीठ मात्र तसंच राहतं, आणि त्या अवतारात ती आमच्याकडे न्याहारीला येते.

ही बाई पूर्वी उकिरड्यावर जगली असती. चौकातली कचराकुंडी हेच रस्त्यावरच्या जनावरांचं अन्नछत्र होतं. त्या कुंड्या गेल्या. २०१७ ते २०२३ इंदूर स्वच्छतेच्या सर्वेक्षणात सलग देशात पहिलं आलं (२०२३ ला सुरतसोबत) आणि मला त्याचा अभिमान आहे, माहेरच्या माणसांसमोर तर जरा जास्तच. दारावर गाडी येते, ओला कचरा वेगळा, सुका वेगळा. देवगुराडियाला २०२२ मध्ये बायो-सीएनजीचा, म्हणजे कचऱ्यापासून गॅस करण्याचा, कारखाना सुरू झाला, दिवसाला ५५० टन ओला कचरा रिचवण्याची त्याची ताकद. त्या गॅसवर सिटी बस धावतात. म्हणजे जे खरकटं ठमीच्या पोटात जायचं, ते आता बसच्या टाकीत जातं.

गलिच्छ शहरात मांजर माणसाच्या निष्काळजीपणावर जगतं. कोणी काही करायची गरज नसते, सांडलेलं खूप असतं. स्वच्छ शहरात तिला जे मिळेल ते कोणीतरी आठवणीनं ठेवलेलं असतं. आठवण ठेवायची तर चार घरांनी एकमेकांशी बोलायला हवं. आमच्या गल्लीत चक्कीवाले आणि आजी यांचं वर्षानुवर्षं बोलणं नव्हतं (कारण विचारू नका, नळाचं पाणी). त्यांना समोरासमोर बसवायला मला निमित्त हवं होतं. मी ती फिल्म लावली.

तेव्हापासून बोलणं आहे, आणि भांडणंही त्याच विषयावर. आजी दूध-पोळी घालायच्या. मांजर दूध पितं हे आपण बालवाडीपासून ऐकतो, पण मोठ्या मांजरांपैकी बहुतेकांना दूध धड पचत नाही. शिवाय त्यांना टॉरिन नावाचं द्रव्य लागतं, ते मांसातून मिळतं. ते कमी पडलं तर डोळे जातात, हृदय दुबळं होतं. निव्वळ दहीभातावर मांजर जगवता येत नाही. सोवळ्याच्या घरात हे सांगणं सोपं नव्हतं. तोडगा पोरांनी काढला. मांजरांच्या खाण्याचं पाकीट ते आणतात, वाटी चक्कीच्या मागे ठेवतात, आजी पाण्याचं भांडं सांभाळतात. अर्ध्या तासात वाटी उचलायची हा माझा नियम, नाहीतर माश्या घोंघावतात आणि शेजारी ओरडतात. त्यांचं ओरडणं योग्यच आहे.

फिल्मवर माझा एक राग आहे. ती फार गोड आहे. पिल्लं दिसतात, आईची ओढाताण दिसते, पण नसबंदीच्या अंगानं ती फारशी जात नाही. मांजरी पाचसहा महिन्यांची झाली की गाभण राहू शकते, नऊ आठवड्यांत पिल्लं, आणि पुन्हा तेच चक्र. नुसतं खाऊ घालणं म्हणजे अर्धंच काम. आम्ही ठमीच्या नसबंदीसाठी वर्गणी काढली तेव्हा आजी म्हणाल्या, ‘काही बरंवाईट झालं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं, ते कोण देणार?’ चक्कीवाले म्हणाले, ‘माँजी, आजच्या भावात सगळी गल्ली विकली तरी शेपटीपुरतं सोनं नाही यायचं.’ शेवटी ऑपरेशन झालं. नसबंदी झाल्याची खूण म्हणून डॉक्टरांनी डाव्या कानाचं टोक कापलंय. आजी आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत, मांजरीशी बोलत होत्या.

आणि ते इस्तंबूलही काही भूतदयेचं माहेरघर नव्हे. १९१० साली त्याच शहरातली हजारो भटकी कुत्री पकडून सिव्रिआदा नावाच्या उजाड बेटावर नेऊन सोडली होती. ती तिथे भुकेनं, तहानेनं मेली. २०२४ मध्ये तुर्कस्ताननं रस्त्यावरची कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा कायदा केला, तेव्हा लोक विरोधात रस्त्यावर उतरले. फिल्म संपली की मी हेही सांगते, म्हणून काही पाहुणे चहा न घेताच उठतात.

फिल्ममध्ये लोक शेवटीशेवटी काळजी बोलून दाखवतात, जुनी वस्ती पाडून टॉवर उठले की मांजरांनी कुठे जायचं. तेव्हा आमच्याकडे खोलीत हमखास शांतता पसरते. आमच्या पलीकडच्या गल्लीत रस्ता रुंद करताना ओटले गेले. जुन्या घरांच्या जागी खाली पार्किंग आणि वर फ्लॅट आलेत, फाटकाशी चौकीदार आहे, आणि त्याला ‘जनावर आत येऊ द्यायचं नाही’ अशी ताकीद आहे. ठमी तिथे जात नाही. आजीही जात नाहीत, टेकायला पायरी नाही म्हणून.

तर दाखवते ती यासाठी. तुम्हाला पाहायची असेल तर रविवारी चारनंतर या. फिल्म तुर्कीत आहे, खाली इंग्रजी अक्षरं धावतात, आजींसाठी मी ती मोठ्यानं मराठीत सांगत जाते. त्याचा त्रास होणार असेल तर दाराजवळची खुर्ची घ्या.