शिवण शाबूत, खांदा आखडलेला

निफाड तालुक्यातल्या द्राक्षबागांत छाटणी करणाऱ्या बायकांचे खांदे तपासणे हा माझ्या फिजिओथेरपीच्या कामाचा मोठा भाग आहे, कारण मांडवाखाली तासन्‌तास हात वर धरल्याने रोटेटर कफ, म्हणजे खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे चार स्नायू आणि त्यांना हाडाशी जोडणारे दोरीसारखे कंडरे, हळूहळू झिजत जातात. त्या दिवशी आलेल्या पन्नाशीतल्या ताईंचा फाटलेला कंडरा दुर्बिणीतून शिवून चार महिने झाले होते. तरीही हात झोळीतच होता.

अशा शस्त्रक्रियेनंतर झोळी साधारणपणे चार ते सहा आठवडे वापरतात. "काढा असं कुणी सांगितलंच नाही, मॅडम," त्या म्हणाल्या. हात हलवला तर टाके तुटतील या धास्तीने त्यांनी तो अंगाशी जपून ठेवला होता, रात्री आडवे पडले की ठणका वाढतो म्हणून उशांना टेकून बसल्या बसल्याच झोप काढली होती आणि शेवटी गावातल्या मालीशवाल्याने हात जोराने ओढून वर नेल्यावर दुखणे इतके वाढले, की शिवण उसवलीच अशी त्यांची खात्री झाली होती.

ताप, लाली, सूज किंवा जखमेतून स्राव यांपैकी काही नव्हते. मी त्यांना उताणे झोपवून हात हळूहळू फिरवला. कोपर अंगाशी ठेवून बाहेरच्या बाजूला तो जेमतेम वीस अंश वळला आणि वर नव्वदच्या आसपास अडला. मग त्यांना स्वतःच उचलायला सांगितले, तर हात जवळपास तिथेच थांबला. कंडरा पुन्हा मोठा फाटला असता, तर मी उचललेला हात त्यांना स्वतःच्या बळावर तोलता येणे अवघड गेले असते. माझ्या तळव्याविरुद्ध त्यांनी हात बाहेर रेटला, तेव्हा तो रेटाही चांगला होता. "ताई, शिवण बहुतेक शाबूत आहे. सांध्याचं आवरण आखडलंय," असे सांगितल्यावर त्यांनी तोच रेटा मला पुन्हा देऊन दाखवला, या वेळी अधिक जोराने.

आखडलेला खांदा रुग्ण ओरडेपर्यंत ओढणे हा उपचार नव्हे, हे मी ठामपणे म्हणते. त्याने सांधा आणखी चिडतो आणि माणूस हात अधिकच आवळून धरतो. आम्ही आधी शेक घेऊन, मग टेबलावर फडक्यावरून हात पुढे सरकवणे आणि काठी धरून तो बाहेर वळवणे एवढेच ठरवले. दिवसातून चार-पाच वेळा, थोडा थोडा वेळ, ताण जाणवेल पण दुखणे थोड्या वेळात उतरेल इतपतच. झोपताना कोपराखाली उशी. त्यांना मधुमेह आहे आणि अनियंत्रित साखरेत खांदा आखडण्याचा धोका वाढतो, म्हणून तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणीही सांगितली.

त्यांच्या सर्जनशी फोनवर बोलले. झोळी काढायला आणि व्यायामाला त्यांनी होकार दिला, खात्रीसाठी सोनोग्राफी करायला सांगितले आणि काही महिने नेटाने व्यायाम करूनही हात अडलेलाच राहिला, तरच दुर्बिणीतून आवरण मोकळे करण्याचा विचार करू, असे कळवले.

निघताना ताईंनी ऑक्टोबरच्या छाटणीचे विचारले. यंदा मांडवाखाली हात वर धरून काम नको, काड्या गोळा करण्यासारखे खालचे काम चालेल, असे मी स्पष्ट सांगितले. मजुरी कमी मिळेल हे दोघींनाही ठाऊक होते. "मुकादमाशी बोलते," म्हणत त्यांनी पुढच्या भेटीचा वार विचारून घेतला.