वाईनची यादी टॅबवर आणली तेव्हा

गंगापूर रोडवर आमचं हॉटेल आहे. शनिवार-रविवारी धरणाकडच्या वायनऱ्या बघून परतणारी मुंबई-पुण्याची मंडळी जेवायला थांबतात, एरवी नाशिककर. वाईन पिकवणाऱ्या गावात वाईन खपायला हवी, पण चित्र वेगळं होतं. गिऱ्हाईक कार्ड उघडायचं, ‘सोव्हिन्यों ब्लाँ’, ‘शेनिन ब्लाँ’ अशा द्राक्षांच्या नावांवर अडायचं आणि बिअर सांगून मोकळं व्हायचं. नाव चुकेल, किंमत विचारली तर कसं दिसेल, हा संकोच मी रोज बघत होते.

अटलांटातल्या ‘बोन्स’ या स्टेकहाउसने २०१० मध्ये, म्हणजे आयपॅड बाजारात आला त्याच वर्षी, वाईनची यादी त्यावर टाकली होती. पहिल्या दोन आठवड्यांत माणशी वाईनविक्री साधारण ११ टक्क्यांनी वाढल्याचं मी वाचलं होतं. दोन आठवडे म्हणजे नव्याची नवलाईही असू शकते, हे कळत होतं. तरी सहा टॅब घेतले.

टॅब आले दोन दिवसांत, यादी भरायला लागला दीड महिना. छापील कार्डावर नाव आणि भाव एवढंच होतं. आता प्रत्येक वाईनबद्दल चार ओळी हव्या होत्या, आणि त्या मला मराठीत हव्या होत्या. इंग्रजी वर्णनात ‘गूजबेरी’ असते. आमच्या गिऱ्हाइकाला तिचं काय? मी, कॅप्टन म्हणजे वेटरांचे प्रमुख, आणि स्वयंपाकघरातले आचारी दुपारी तीन वाजता बसून एकेक वाईन चाखायचो. सोव्हिन्यों ब्लाँचा वास घेतल्या घेतल्या आचारी म्हणाले, “ताई, ही तर चिरलेली ढोबळी मिरची.” अगदी बरोबर! त्या द्राक्षात आणि ढोबळी मिरचीत वासाचं एकच द्रव्य असतं. शिराझ या रेड वाईनला काळी मिरी लिहिली, शेनिनला पिकलेला पेरू. टॅनिनसाठी, म्हणजे रेड वाईनमधल्या तुरट द्रव्यासाठी, ‘कच्च्या सुपारीसारखा तुरटपणा’ लिहिलं, ते आजही लोक वाचून मान डोलावतात.

जेवणाबरोबर काय घ्यावं, हेही तिथेच लिहिलं. काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर लोक हटकून तुरट रेड मागवतात आणि तोंड पोळून घेतात, कारण तुरटपणाने आणि अल्कोहोलने तिखट आणखी झोंबतं. किंचित गोडसर, गार शेनिन तिथे जास्त चांगली लागते. वेटर हे सांगायला बिचकायचे, वाचायला मिळाल्यावर लोक आपणहून मागू लागले.

पहिल्याच महिन्यात एका शनिवारी रात्री नेट गेलं आणि सहाही टॅब कोरे. सॉफ्टवेअर देणाऱ्यांनी विकताना ते नेटशिवाय चालतं असं सांगितलं होतं, फोन मात्र सोमवारी उचलला. हॉल भरलेला, जुनी कार्डं मी उत्साहात रद्दीत दिलेली. त्या रात्री कॅप्टननी यादी तोंडपाठ सांगितली, प्रत्येक टेबलाशी उभं राहून. आता यादी टॅबमध्येच साठवून ठेवणारं सॉफ्टवेअर घेतलंय आणि दोन छापील कार्डंही गल्ल्याशेजारी असतात. मंद दिव्यात पडदा डोळ्यांवर येतो म्हणून काळी पार्श्वभूमी केली. लहान मुलं टॅबवर कार्टून शोधतात, त्यासाठी तो एकाच पानावर कुलूपबंद केला.

खरा फायदा मला अनपेक्षित ठिकाणी झाला. संपलेली वाईन त्याच क्षणी यादीतून जाते. पूर्वी “ती नाहीये” असं दोनदा ऐकलं की गिऱ्हाईक तिसऱ्यांदा विचारतच नसे. आणि ग्लासावर वाईन विकणं सोपं झालं. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाचच ग्लास निघतात, उघडलेली व्हाईट फ्रिजमध्येही दोन-तीन दिवसांत चवीला उतरते. उघडलेली बाटली यादीत वर आणली की ती वाया जात नाही. बाटल्या किती जास्त खपल्या यापेक्षा फेकून द्यावी लागणारी वाईन कमी झाली, हे माझ्या वहीत ठळक दिसतं. दहा-बारा वाईन ठेवणाऱ्या हॉटेलाला मात्र मी टॅब घ्या म्हणणार नाही. एक नीट लिहिलेलं कार्ड आणि वाईन चाखलेला वेटर तिथे पुरे.

गेल्या फेब्रुवारीत, खुडा चालू असताना, दिंडोरीकडचे एक शेतकरी काका घरच्यांना घेऊन आले. ते वायनरीला द्राक्ष घालतात. टॅबवर बोट सरकवत त्यांनी ती वायनरी शोधली, वर्णन मोठ्याने वाचलं आणि सुनेला म्हणाले, “पेरू लिहिलंय बघ.” मग मला विचारलं, “ताई, गावाचं नाव का नाही लिहिलं?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मी वायनऱ्यांना फोन करून द्राक्ष कुठल्या गावाचं ते विचारते आहे. ज्यांनी सांगितलं त्यांच्या वाईनखाली गाव आलंय, बाकीच्यांच्या मागे लागले आहे.