हात उशिरा येतोय

आज सकाळी बॉक्सिंगच्या सरावात तिसरी फेरी चालू असताना सरांनी ठोसे झेलायचे पॅड खाली घेतले, "हात उशिरा येतोय," एवढेच म्हणाले आणि पुढच्या मुलीकडे वळले. ते रागावले असते तर बरे झाले असते. दिवसभर ते तीन शब्द माझ्या मागे आहेत.

७ महिने मी वजने उचलली. बेंच प्रेस, खांद्यांचे सेट, दंडांसाठी हात थरथरेपर्यंत बारा-बारा रेप्स, रोजची अंडी, रात्री भिजवलेले हरभरे, ५९.६ वरून काटा ६२.४ वर आला, तेव्हा मी तो आकडा वहीत दोनदा लिहिला होता. ठोसा जड व्हावा म्हणून हे सारे केले आणि जड झाला तो हात. एवढे कष्ट घेऊन माणसाच्या वाट्याला हे यावे.

उशिरा म्हणजे नेमका कुठे उशीर होतो, हे दुपारी आरशासमोर उभी राहून पाहिले. ठोसा मागच्या पायाच्या चवड्यातून निघतो, कमरेच्या वळणातून वर चढतो आणि खांद्यातून मुठीत उतरतो. कोपर उलगडताना दंडाच्या पुढच्या स्नायूने सैल सुटायचे असते, आणि मी इतके महिने त्यालाच आवळून धरायला शिकवत राहिले. मूठ शेवटच्या क्षणी वळायची, ती मी निघतानाच घट्ट वळते. हे मला कोणी आधी का सांगितले नाही, याचे रडू आले. मग आठवले की सरांनी जानेवारीत "पाय, पाय" असे कितीदा तरी ओरडून सांगितले होते.

वजन वाढले म्हणून वजनाचा गट बदलणे हा काही गुन्हा नाही. बॉक्सर लवलीना बोर्गोहेनने टोकियो ऑलिंपिकमध्ये ६९ किलोत कांस्य मिळवले, नंतर ती ७५ किलोत गेली आणि २०२३ मध्ये दिल्लीत जगज्जेती झाली. पण ती उंच आहे. वरच्या गटात माझ्यासमोर येणाऱ्या मुलींचे हात लांब आहेत, आणि कितीही वजन उचलले तरी हाताची लांबी वाढत नाही. लंडन ऑलिंपिकला २०१२ मध्ये मेरी कोमच्या वजनाचा गटच नव्हता, म्हणून ती ५१ किलोत उतरली आणि तिच्याहून उंच मुलींशी लढून तिने कांस्य आणले. तिच्या लढती मी आज पुन्हा पाहिल्या, हातांकडे न बघता केवळ पायांकडे बघत. ती आत शिरते, मारते आणि समोरचीचा हात पोहोचण्याआधी बाहेर पडलेली असते.

तेव्हा वजने सोडायची नाहीत. दंडांचे सेट मात्र बंद. स्क्वॉट (खांद्यावर वजन घेऊन बैठका) आणि डेडलिफ्ट (जमिनीवरून वजन उचलणे) जड वजनावर, पाचच रेप्स, मध्ये तीन मिनिटांची पूर्ण विश्रांती, म्हणजे ताकद वाढेल आणि अंगावर मांस फारसे चढणार नाही. त्यानंतर कंबर वळवून मेडिसिन बॉल, म्हणजे व्यायामाचा जड चेंडू, भिंतीवर फेकायचा. ६० किलोचा गट आता माझा नाही, हे लिहितानाही जड जाते आहे, पण ते खरे आहे.

लग्नासाठीचा ब्लाउज दंडात अडकला, म्हणून संध्याकाळी आईने काही न बोलता बाहीची शिवण उसवली. आत अजून अर्धा इंच माया आहे, म्हणाली.