घुमटावर मकसूम

गोव्यात पेडण्यातल्या एका बचत गटाने मला बेली डान्सचा वर्ग घ्यायला बोलावलं. अट एकच: वाचनालयाच्या हॉलच्या खिडक्या बंद हव्यात. मी लगेच हो म्हटलं. इजिप्तमध्ये लग्नाघरी बायका-बायकांत हा नाच अजूनही अंगावरच्या साध्या कपड्यांत रंगतो. नर्तकी बदिया मसाबनीने 1926 मध्ये कैरोत क्लब काढला, त्यानंतर त्याला रंगमंचाचा थाट चढला.

दाराशी एक काकी खुर्ची टाकून बसल्या. सुनेवर लक्ष ठेवायला आलेय, असं त्यांनी स्पष्टच सांगितलं.

शिमी, म्हणजे कमरेची थरथर, शिकवताना सगळ्या जणी आधी पोट आवळतात. मी म्हटलं, पोट विसरा. टाचा जमिनीला, गुडघे किंचित वाकवलेले; एक वाकला की दुसरा सरळ, पण पूर्ण ताणायचा नाही. ताणला की कंबर अडते आणि सगळा भार पाठीवर येतो. गुडघ्यांचा वेग वाढला की कंबर आपसूक थरथरते, छाती मात्र जागची हलत नाही.

एवढ्यात लाईट गेली, स्पीकर बंद पडला. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, बायकांच्या आरतीत वाजवणारी एक मुलगी धावत घरी गेली आणि घुमट, आमचं कातडं मढवलेलं मातीचं वाद्य, घेऊन आली. बेली डान्सला साथ करणारा दरबुका हा ढोलही पूर्वापार मातीचाच, तोंडाला कातडं मढवलेला. मी तिला बेली डान्सचा मकसूम ताल बोलून दाखवला: दुम तक, तक दुम, तक. डाव्या तळव्याने मागचं तोंड झाकत-उघडत तिने तो 'दुम' असा काही घुमवला, की माझ्याच अंगावर काटा आला. मग मी तिला सैदी हा दुसरा ताल दिला. मधल्या एका 'तक'च्या जागी 'दुम' आला, की चाल लगेच रांगडी होते. बायकांना ते न सांगता कळलं. पावलं जड पडायला लागली.

काकी उठल्या, पदर खोचला. "अगो, हे गुडघ्यांचं काम! फुगडीत आम्ही दुसरं काय करतो?" आणि सुनेला म्हणाल्या, "तू वरूनच हलतेस. जरा खाली बस." मी मघापासून तेच सांगत होते, पण सासूच्या एका वाक्याने तिची कंबर सुटली!

दोन्ही मिसळून चवथीला बसवूया का, असं कुणीतरी विचारलं. मी नको म्हटलं. फुगडी मला फार प्रिय आहे, म्हणूनच तिला कशाचीही फोडणी नको.

संध्याकाळी हणजुण्याला हॉटेलात कार्यक्रम होता. समोर रशियन पर्यटक, दिल्लीची कुटुंबं, पुण्याचं एक वऱ्हाड. नेहमीप्रमाणे मोबाइल माझ्या कमरेवर रोखलेले. मी संगीत थांबवलं आणि सगळ्यांना टाळ्यांवर मकसूम शिकवला. टाळ्यांना दोन्ही हात लागतात. मोबाइल खाली गेले, नजरा वर आल्या. आता हॉटेलवाल्यांना मी आधीच बजावते: टाळ्या बसेपर्यंत गाणं लावायचं नाही.